ऐकू आलं की बटण दाबा

१

घरात तिला दचकी म्हणायचे. हातातून वाटी निसटली, कुणी मागून हाक मारली, लिफ्टचं दार आपटलं, की तिचे दोन्ही खांदे कानांना भिडायचे, डावा हात गळ्याशी जायचा आणि तोंडातून अर्धाच 'हं' बाहेर पडायचा. उरलेला अर्धा आतच राहायचा. नाव दादाने ठेवलेलं. ती शिकली, नोकरीला लागली, दादाचं लग्न झालं, पण ना ते नाव सुटलं, ना दादाची मागून येऊन 'भॉक' करायची खोड.

अशा माणसाला झोपेचं सुख कुठून मिळणार? तरी आजवर कसंबसं भागत होतं. या खेपेला मात्र एकोणीस दिवस झाले, डोळ्याला डोळा लागला नव्हता. फ्रिज थरथरून बंद झाला की ती जागी. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली की जागी. काहीच वाजलं नाही तर आता काहीतरी वाजेल म्हणून जागी.

वहिनीने कंबर कसली. वहिनी म्हणजे उशीला डोकं टेकायच्या आत घोरायला लागणारी बाई. झोप न येणं हा तिला निव्वळ हट्ट वाटायचा. "अगं, झोप काय आणावी लागते का? ती येतेच," असं म्हणत तिने तळपायांना तेल चोळलं, गरम दूध पाजलं, उशीवर लव्हेंडरचे थेंब टाकले. दचकी रात्रभर शिंकत बसली. मग पाच किलोचं जड पांघरूण आलं. त्याखाली छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं. मोबाइलवर पावसाचा आवाज लावला, तर ती दोनदा उठून नळ बघून आली. कानांत मेणाचे बोळे घातले, तेव्हा बाहेरचं सगळं बंद झालं आणि स्वतःचं काळीज असं धडधडायला लागलं की दारावर कुणी थापा मारतंय असं वाटून तिने बोळे उपटून फेकले.

"शंभरापासून उलटे आकडे मोज," दादा म्हणाला.

"मोजले."

"मग?"

"उणे चारशेपर्यंत गेले."

शेवटी डॉक्टरांनी गोळी दिली. रात्री तिचा काडीचा उपयोग झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, ऐन कामात, ती गोळी डोक्यावर पांघरूण टाकावं तशी आली. आणि तेव्हाच ती चूक झाली.

२

दचकी कान तपासायच्या दवाखान्यात कामाला होती. जिला चमचा पडलेला सोसत नाही तिनेच हे काम धरावं, यावर दादाचे चार-पाच ठरलेले विनोद होते. पण तिला काम आवडायचं. तपासणीची खोली म्हणजे दवाखान्याच्या आत बसवलेली एक जाड भिंतींची पेटी. आत राखाडी फोमचे उंचवटे, एक फिरती खुर्ची, हेडफोन आणि वायरीला लटकणारं एक बटण. पेशंट आत बसायचा, दचकी बाहेर मशीनपाशी, मध्ये दुहेरी काच. मशीन बारीक बारीक आवाज सोडायचं. पेशंटने बटण दाबलं की दचकीच्या समोर हिरवा दिवा लागायचा आणि कागदावर खूण उमटायची. चांगलं ऐकू येत असलं की खुणांची रेष कागदाच्या वरच्या कडेला धरून जाते. जसं कमी ऐकू येतं तशी ती खाली उतरते. उजवा कान लाल, डावा निळा. पेशंटच्या फाइलवर दचकी तेच रंगीत पेन्सिलीने उतरवून घ्यायची.

त्या दिवशी तिने एका बसड्रायव्हरचे लाल आणि निळा उलटे लावले. त्याच्या धडधाकट कानासाठी यंत्र बनून आलं आणि तो भला माणूस आठ दिवस ते घालून हिंडला. "डोकं दुखायचं हो," तो म्हणाला, "पण म्हटलं सवय होईल."

दवाखाना चालवणाऱ्या मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही पहिली होती. दुसरी झाली तर मला तुला ठेवता येणार नाही. कुठेही झोप, कशीही झोप, पण झोपून ये."

कुठेही, या शब्दावर दचकी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अडकून राहिली. दीड वाजता मॅडम घरी जेवायला जात. काउंटरवरच्या ताई डबा उघडून मोबाइल बघत. दचकी त्या पेटीत शिरली आणि जाड दार ओढून घेतलं. त्या दाराच्या कडांना रबर होतं. उघडताना आणि लावताना ते 'फुस्स' करायचं, कुणी रोखून धरलेला श्वास सोडल्यासारखं. त्यानंतर काही नाही. फ्रिज नाही, लिफ्ट नाही, माणूस नाही.

तिने हेडफोन कानांवर चढवले आणि खुर्चीत मान मागे टाकली. डोळे मिटता मिटता तोंडाने आपलं आपण म्हटलं, दिवसातून वीस वेळा म्हणायची तशी, "आवाज ऐकू आला की बटण दाबा. अगदी बारीक असला तरी दाबा."

स्वतःशीच हसली, आणि तिला झोप लागली.

३

जाग आली तेव्हा सव्वादोन वाजले होते. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा तोंडाला झोपेची चव होती. बाहेर येऊन बघते तर मशीन ऑटोवरच राहिलेलं. सकाळच्या शेवटच्या पेशंटनंतर तिने ते बंदच केलं नव्हतं. ऑटोवर मशीन आपलं आपण आवाज सोडत जातं, उत्तर आलं नाही तर वाढवत नेतं.

आणि एक कागद बाहेर आला होता.

त्यावर खुणा होत्या. अगदी तळाशी, नव्वद डेसिबलच्या रेषेवर, दोन्ही कानांच्या. ठार बहिऱ्याचा असतो तसा आलेख.

बटण भिंतीवरच्या हुकाला लटकत होतं. आत जाताना लटकत होतं तसंच. परत आत खुर्चीत बसून तिने हात लांब करून पाहिलं. खुर्चीतून तिथवर तिची बोटं पोचत नव्हती.

झोपेत उठले असेन, तिने ठरवलं. उठले असेन, दाबलं असेल, परत हुकाला लावलं असेल. माणसं झोपेत काय काय करतात. पण तिला खरं खटकलं ते वेगळंच. नव्वद डेसिबल म्हणजे कानाशी कुणी हॉर्न दाबल्यासारखं. हेडफोन तिच्याच कानांवर होते. ते आवाज तिच्याच कानांत वाजले होते, आणि चमच्याच्या आवाजाने उठणारी ती, ढाराढूर झोपली होती.

कागद तिने घडी करून पर्समध्ये टाकला. फाडायला हवा होता. मग वाटलं, बघू तरी.

४

दुसऱ्या दिवशी तिने मशीन आठवणीने बंद केलं. आत चाळीस मिनिटं टक्क जागी बसली.

तिसऱ्या दिवशी बंद मशीनकडे बघत तीन-चार मिनिटं उभी राहिली, आणि ऑटो दाबून आत गेली. ते वाक्यही म्हटलं. उगाच. कुणाला उशी लागते, कुणाला दिवा लागतो, आपल्याला हे लागतं, असं मनाला सांगितलं. शेवटच्या शब्दाला डोळे मिटलेसुद्धा.

कागदावरची रेष ऐंशीवर होती.

मग तो रोजचा शिरस्ताच झाला. पंचाहत्तर. पासष्ट. साठ. कागद पर्समध्ये साठत गेले. भीती वाटायची, नाही असं नाही. पण एकोणीस रात्री जागलेल्या माणसाची भीतीसुद्धा दमलेली असते. शिवाय सगळं सुधारत होतं. ती रात्रीही झोपायला लागली. गालांवर रंग आला. लाल लाल राहिला, निळा निळा राहिला. मॅडम एकदा जाता जाता खांद्यावर थोपटून गेल्या.

एकदाच तिने ताईंना बाहेर बसवलं. "ताई, मी आत जरा पडते. तुम्ही इथे बसून डबा खा ना. मला घोरायची सवय आहे का बघा."

"लग्नाचं बघतायत वाटतं," ताई म्हणाल्या, आणि डबा घेऊन बसल्या.

दचकी बाहेर आली तेव्हा ताई डबा पुसत होत्या. "घोरत नाहीस. पण झोपतेस कसली? सारखा हिरवा दिवा लागतोय. खेळत बसली होतीस ना बटणाशी?"

"माझे हात कुठे होते?"

"कुठे म्हणजे? मांडीवर." ताई थांबल्या. मग हसल्या. "मशीन बिघडलं असेल गं. सांग मॅडमना. नाहीतर म्हणतील, भिंतींना कान असतात ते असे."

मशीन बिघडलं असेल. दचकीला ते इतकं पटलं की त्याच संध्याकाळी तिने खोली रिकामी ठेवून, दार लावून, ऑटो चालवून पाहिलं. वीस मिनिटं ती काचेपाशी बसून होती. दिवा एकदाही लागला नाही. कागद कोरा आला.

मशीनला काहीही झालेलं नव्हतं. ती आत झोपलेली असली तरच कुणीतरी उत्तर देत होतं.

५

रविवारी सकाळी दादा मागून आला आणि 'भॉक' म्हणाला.

दचकी भाजी चिरत होती. ती चिरत राहिली.

"ए," दादाने तिच्यासमोर येऊन हात हलवला. "भॉक!"

"काय रे?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने हातातलं झाकण मुद्दाम फरशीवर सोडलं. ते गरगर फिरत आडवं झालं. दचकीने नुसतं खाली पाहिलं, उचललं, धुऊन ठेवलं.

"घ्या!" वहिनी म्हणाली. "आता नाव बदला हिचं. एवढ्या वर्षांची दचकी गेली की हो!"

"कुठे गेली?" दादा म्हणाला.

विनोदच होता तो. तिघेही हसले. पण हसता हसता दचकीला जाणवलं, की दादाचा तो प्रश्न तिने ऐकला नव्हता. त्याच्या ओठांवर वाचला होता.

"तू हल्ली टीव्ही फार मोठा लावतेस," वहिनी दुपारी म्हणाली. तीनदा म्हणाली असावी, कारण तिसऱ्यांदा ती चिडलेली दिसत होती.

"मला नीट ऐकू येतं," दचकी म्हणाली. "तुम्हीच सगळे तोंडातल्या तोंडात बोलता."

आणि वाक्य पुरं होता होता तिच्या लक्षात आलं. हे वाक्य ती रोज ऐकत होती. त्या पेटीत बसायला येणारं प्रत्येक माणूस आत जाण्यापूर्वी हेच म्हणत होतं.

६

सोमवारी सगळे गेल्यावर ती पेशंटसारखी खुर्चीत बसली. बटण हातात धरलं. जागी राहिली. कान देऊन ऐकलं, ऐकू आलं तसं दाबलं.

तिच्या कानांचा एक जुना आलेख तिच्याकडे होता, कॉलेजात शिकताना काढलेला. वरच्या कडेला धरून, दहा डेसिबलवर गेलेली सरळ रेष, फक्त डाव्या कानात एका बारीक सुराला एक छोटासा खड्डा. जन्मापासूनचा. त्यावरून वर्गात तिला चिडवायचे.

आजची रेष पंचावन्नवर होती.

तिने पर्समधले कागद काढून टेबलावर पसरले. पेटीतल्या त्या उत्तर देणाऱ्याची रेष दर खेपेला थोडी वर चढली होती. शेवटच्या कागदावर ती पंचेचाळिसावर होती. वर, तिच्यापेक्षा वर. आकडे तिने पुन्हा पुन्हा जुळवले. आज तिला जेवढं कमी ऐकू येत होतं, तेवढंच तिकडे वाढलेलं होतं. एक डेसिबल इकडेतिकडे नाही.

योगायोग असेल. तिने शहाण्या माणसासारखा विचार करून पाहिला. सर्दी असेल, मळ असेल, जागरणाने कान बसले असतील. पण विचार करता करता हात कागद गोळा करत होते आणि पाय दाराकडे निघाले होते.

आत झोपायचं नाही. विषय संपला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन रात्री ती घरी आढ्याकडे बघत पडून राहिली. आधी ऐकू येतं म्हणून झोप येत नव्हती; आता ऐकू येत नाही म्हणून येईना. फ्रिज थरथरतोय का? लिफ्ट वाजली का? एकेका आवाजाला ती अंधारात चाचपडत होती, आणि एकेक जागच्या जागी नव्हता.

शुक्रवारी सकाळी एका शाळेच्या बाईंचा आलेख भरताना तिने उजव्या कानाला निळी पेन्सिल लावली. खूण करायच्या आत केबिनच्या काचेतून मॅडमचं लक्ष गेलं. मॅडमनी नुसता चष्मा काढला.

दुपारच्या सुट्टीत दचकी पेटीसमोर उभी होती. नोकरी गेली तर घरी बसून आढ्याकडेच बघायचं. एक झोप. चाळीस मिनिटं. पाच-दहा डेसिबल जातील, त्याने काय होतंय. मोठं यंत्र लावू. लोक लावतातच की.

"आवाज ऐकू आला की बटण दाबा," ऑटो दाबून, आत खुर्चीत मान मागे टाकत ती म्हणाली. पुढचं म्हणायची गरज पडली नाही.

७

या झोपेला तळच नव्हता.

जागी झाली तेव्हा ती किती हलकी झाली होती! अंगातला कण न् कण मोकळा. तिने दार ढकललं. ते उघडलं, बंद झालं. रबर 'फुस्स' वाजलं असणार. बाहेर ताईंच्या काउंटरवरचा फोन हलत होता, ताईंचे ओठ हलत होते, आणि दचकीच्या भोवती स्वच्छ, मऊ, कुणीच नसल्यासारखी शांतता होती.

पाच-दहा गेले नव्हते.

मशीनच्या तोंडाशी कागद लोंबत होता. तिने तो धरला. रेष वरच्या कडेला धरून गेली होती, सरळ, एखाद्या तरुण, निरोगी माणसाची असते तशी. आणि निळ्या रेषेत, डाव्या कानाच्या त्या बारीक सुराला, एक छोटासा खड्डा होता.

तो तिने कुठेही ओळखला असता.

ती स्टुलावर बसली. डोक्यात एकच गोष्ट धरून राहिली, बुडत्याने काडी धरावी तशी. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी बजावलेलं: शेवटचं वाक्य विसरायचं नाही. तपासणी संपली हे सांगितल्याशिवाय माणूस उठत नाही. मागे एक आजोबा जेवणाची सुट्टीभर आत बसून होते, बटण घट्ट धरून, पुढच्या आवाजाची वाट बघत.

पहिलं वाक्य तिने रोज म्हटलं होतं. शेवटचं एकदाही नाही.

आत जायची छाती नव्हती. तिने मशीनचा माइक ओढला. आतली खुर्ची काचेकडे पाठ करून होती, रिकामी. "झालं," ती म्हणाली. आवाज घशात थरथरताना जाणवला, कानांना कळला नाही. "संपली तपासणी."

एवढंच म्हणायचं होतं. पण तीन वर्षं, दिवसातून वीस वेळा म्हटलेलं वाक्य. जीभ सवयीने पुढे गेली.

"या बाहेर."

तिने तोंडावर हात दाबला. काच. खुर्ची. हुकाला लटकणारं बटण. काहीच हललं नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिच्या जिवात जीव आला. मशीन बिघडलं होतं. कान बसले होते. मॅडम आल्या की सगळं सांगायचं, कानांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं. ती उठली आणि कोपराचा धक्का लागून स्टीलचा ट्रे टेबलावरून गेला. चिमटे, टॉर्च, नळ्या, सगळं घेऊन फरशीवर उलटा पडला. केवढा आवाज झाला असेल. ताईंनी काउंटरवरून मान वळवली.

दचकी दचकली नाही.

पण समोर हिरवा दिवा लागला. काचेपलीकडे, खुर्चीच्या पाठीवर, दोन खांदे झटक्यात वर आले आणि कानांना भिडले. एक डावा हात गळ्याशी गेला.

तिने डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती, आणि हळूहळू फिरत होती.

त्या दाराचं रबर सुटताना नेहमी 'फुस्स' होतं. ती दाराकडे पाठ करून, टेबलाची कड धरून उभी राहिली आणि जीव कानांत आणून ऐकत राहिली. काहीच ऐकू आलं नाही. फक्त घोट्यांना वाऱ्याची एक झुळूक लागली, आतल्या हवेसारखी, बंद आणि उबदार. आणि काउंटरवर ताई तिच्याकडे बघत होत्या, मग तिच्या मागे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ कुणाशी तरी बोलत होते.